आक्षीचे पक्षी, रायगडची पोपटी आणि माझी एकादशी

आक्षीला पक्षी बघायच्या सहलीला गेलो होतो, त्याचं आधी पैशाचं बोलून घेते. माणशी २,४०० रुपये. लेक सातवीत आहे म्हणून त्याचंही पूर्ण तिकीट. त्यात शनिवार दुपार ते रविवार दुपार राहणं, दोन जेवणं, एक न्याहारी, शनिवारी रात्री पोपटी आणि गाईडबरोबर दोन फेऱ्या. दुर्बिणीचं भाडं वेगळं, एकीला ३०० रुपये, हे मात्र तिथे पोहोचल्यावर कळलं.

घरगुती मुक्काम आहे, आक्षीत, अलिबागच्या दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवर. नारळ-सुपारीची वाडी, वाडीच्या पुढे सुरूचं बन, बनाच्या पुढे समुद्र. नाव इथे मुद्दाम देत नाही. तक्रारीही लिहिणार आहे आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त त्या घरच्या माणसांच्या नाहीतच, मधल्या बुकिंगवाल्याच्या आहेत. उगाच घर चालवणाऱ्या वहिनींच्या पोटावर पाय नको.

बुकिंगवाल्याची जाहिरात व्हॉट्सॲपवर आली होती. 'फ्लेमिंगो गॅरंटी', 'फक्त सहा जणांची बॅच', खाली गुलाबी पक्ष्यांचा फोटो. लेकाने फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाला, "आई, हा फोटो आक्षीचा नाही. मागे डोंगर बघ." मी म्हटलं, असेल डोंगर कुठेतरी. आईने मुलाचं ऐकावं असे प्रसंग आयुष्यात फार नसतात, त्यातला हा एक मी घालवला. आक्षीत फ्लेमिंगो नाहीत. गाईडने शनिवारी चहा पितानाच हात जोडून सांगून टाकलं, "काकू, ते तुमच्याच ठाणे खाडीत. इथे त्यांच्यासाठी आला असाल तर आत्ताच सांगतो." खरंच आहे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, आणि आम्ही राहतो डोंबिवलीला. घराजवळचं सोडून आम्ही लोकल, गेटवेची लाँच, मांडव्याहून बस आणि अलिबागहून मिनीडोर असं सगळं करून आक्षी गाठली होती.

लाँचवर मात्र पैसे वसूल झाले. कुरवांचा, म्हणजे सीगलचा थवा थेट कठड्यापर्यंत येत होता. लोक त्यांना कुरमुरे आणि वेफर्स टाकतात, तेवढ्यासाठीच येतात बिचारे. लेकाने शेजारच्या गृहस्थांना "काका, तळलेलं नका ना टाकू" असं सांगितलं. काकांनी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे असं बघितलं, की मी समुद्राकडे बघत बसले. तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे असे दोन प्रकार त्या थव्यात असतात. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी पडलेली असतात, कानामागे फक्त एक ठिपका उरतो. मग नावं अशी का ठेवली, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर मांडव्यापर्यंत चाललं असतं.

तारीख २५ जानेवारी, शनिवार, षट्‌तिला एकादशी. मी एकादशी करते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता गाईडबद्दल. तिशीच्या आतला, तिथल्याच कोळीवाड्यातला मुलगा. वडिलांची होडी आहे, हा लहानपणी तिच्यावर जायचा आणि पक्ष्यांची नावं नंतर शिकला. दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, आशियात १९८७ पासून चालू आहे, तिच्यासाठी हा स्वतःच्या खर्चाने किनाऱ्यावर मोजायला उभा राहतो. त्याच्याकडे एक जुना स्पॉटिंग स्कोप आहे, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांना खाली दुधाच्या पिशव्या गुंडाळून वर रबर लावलेले, खारं पाणी आणि वाळू सांध्यात जाऊ नये म्हणून. एवढं बघितलं आणि मला वाटलं, हा माणूस कामाचा आहे.

आमची बॅच निघाली अकराची. सहाची म्हणून पैसे घेतलेले. त्यात एक चौकोनी कुटुंब, एक जोडपं, दोघे मोठ्या कॅमेऱ्यावाले आणि आम्ही तिघं. चार वाजले तसे सगळे 'बीच, बीच' करायला लागले. गाईड म्हणाला, आज संध्याकाळी किनाऱ्यावर जायचंच नाही, शेतात जायचं. यावर जोडपं नाराज, कॅमेरावाले तर चिडलेच, पॅकेजमध्ये दोन बीच वॉक लिहिलेत म्हणाले. तेव्हा त्याने उजव्या हाताच्या अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली.

कोकणातल्या माणसांना हे नवीन नाही, पण मी घाटावरची, डोंबिवलीत वाढलेली, मला हे पन्नाशीत कळलं. तिथीची पाऊणपट करायची. येतील तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. पुनवेला आणि अवसेला पंधराचे सव्वाअकरा, तेव्हा उधाण. अष्टमीच्या भरतीला म्हणतात भांगाची भरती, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. "आज एकादशी," तो म्हणाला, "अकराचे सव्वाआठ. सकाळी भरती होऊन गेली, अडीचला पाणी पार खाली गेलं. आता चाराला वळलंय, पण पक्षी तिकडे टोकाला, अर्ध्या किलोमीटरवर. आणि सूर्य तुमच्या डोळ्यांत. काळे ठिपके बघायचेत का?" कोणी बोलेना. "उद्या द्वादशी. बाराचे नऊ. उद्या सातला पाणी चढत असेल, पक्ष्यांना ढकलत तुमच्याकडे आणेल आणि सूर्य तुमच्या पाठीमागून येईल." आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळी उजेड पाठीशी आणि दुपारनंतर तोंडावर, ही इतकी साधी गोष्ट, पण मी आजवर किनाऱ्यावर फक्त सूर्यास्त बघायला गेलेली.

या एका गोष्टीसाठी मी त्याला पाचपैकी पाच देते. पॅकेजात लिहिलंय म्हणून अकरा जणांना वाळूत फिरवून आणणं त्याला सोपं होतं.

भात कापल्यावर तिकडे शेतात वाल करतात. त्या वालाच्या वाफ्यांतून आम्ही तासभर हिंडलो. काटकीच्या शेंड्यावर एक चिमणीएवढा पक्षी बसून सारखा शेपूट झटकत होता. त्याचं मराठी नाव गप्पीदास. ऐकल्याबरोबर चौकोनी कुटुंबातल्या ताईंनी आपल्या नवऱ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी हसत सुटलो. भोरड्यांचा मोठा थवा विजेच्या तारांवर उतरला, तारा खाली वाकल्या. एका उंच झाडावर पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचं घरटं आहे. गाईडने ते लांबूनच दाखवलं, झाड कुठलं ते कॅमेरावाल्यांना नीट सांगितलंही नाही आणि सगळ्यांना मागे वळवलं. एका शिंदीच्या झाडाला सुगरणीची गेल्या पावसाळ्यातली घरटी लोंबत होती, रिकामी, एकात मुनिया शिरत होत्या. सलीम अलींनी सुगरणींचा तो गाजलेला अभ्यास इथून जवळच, किहीमला राहून केला. नोकरी गेलेली होती आणि मुंबईत राहणं परवडत नव्हतं म्हणून ते तिथे येऊन राहिले होते. हे मला लेकाने सांगितलं. "बघ, नोकरी गेली तरी काही बिघडत नाही," असा अर्थ त्याने त्यातून काढला. घरी जाऊन बोलू, म्हटलं.

रात्री पोपटी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही रायगडकडची थंडीतली चीज आहे. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेलं मसाल्याचं चिकन, मधून मधून ओवा आणि जाडं मीठ, वर पुन्हा पाला कोंबून तोंड बंद. पाण्याचा थेंब नाही. मग मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती काटक्या आणि पेंढा पेटवायचा. झालं की नाही ते मडक्यावर पाणी शिंपडून बघतात. चर्रकन उडून गेलं की झालं. मडकं काठीने आडवं केलं, पाला ओढला आणि जो वास सुटला, त्याबद्दल मी काहीही लिहू शकत नाही, कारण माझी एकादशी होती. वाल चालत नाही, ओवा चालत नाही, बाकीचं तर विचारायलाच नको. हे शेंगा सोलून खात माझ्याकडे न बघता "ठीक आहे, एवढी काही खास नाही" असं म्हणत होते. पंचवीस वर्षांचा संसार आहे, मला त्यांचं खोटं कळतं.

आणि मग वहिनी आतून एक छोटं मडकं घेऊन आल्या. मी दुपारी सहज साबुदाण्याचं विचारलं होतं, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं. त्यात नुसती रताळी, बटाटे आणि सैंधव. भांबुर्डा उपासाला चालतो की नाही हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं, म्हणून पाल्याऐवजी केळीचं पान. वेगळं मडकं, वेगळा जाळ. "तुमचं आधीच काढून ठेवलं होतं, यांच्या गडबडीत राहून गेलं," म्हणाल्या. रताळ्याची साल हाताने सरकत होती आणि आत ते मधासारखं झालेलं. वहिनींनाही पाच.

खोलीला तीन. गादीला ओलसर वास होता, समुद्रालगत असतोच. बंबाचं गरम पाणी चौथ्या माणसाला पुरलं नाही आणि चौथी मी होते. दुर्बिणीला एक. भाड्याने दिलेल्या दोनपैकी एकीच्या डाव्या भिंगात बुरशी धरलेली, डाव्या डोळ्याला कायम धुकं. ती बुकिंगवाल्याने ठेवायला दिलेली आहे, ३०० रुपये त्यालाच जातात. ह्यांनी घरून आणलेली १० बाय ५० (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) चांगली आहे, पण पाच मिनिटं धरली की हात थरथरतो. गाईड म्हणाला, घ्यायचीच असेल तर ८ बाय ४२ घ्या, लांबचं थोडं लहान दिसेल पण स्थिर दिसेल.

रविवारी सव्वासहाला कोरा चहा आणि निघालो. बनातून बाहेर आलो तर अजून उजाडलं नव्हतं. वाळू इतकी गार की चपलेतून कळत होती. उत्तरेला कुलाबा किल्ल्याची काळी रेघ. गाईडने आम्हाला भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत रांगेत बसवलं आणि आता उठायचं नाही म्हणाला. माझी शाल केशरी होती, ती काढून पिशवीत ठेवायला लावली. थंडी वाजली. वाजू दे म्हटलं.

पहिली अर्धी घटका काहीच नाही, नुसता आवाज. लांबून, ओल्या वाळूवरून येणारी लांबलचक शीळ. कर्लू. मग सव्वासाताला पाठीमागून उजेड आला आणि समोरची जी वाळू रिकामी वाटत होती ती चालायला लागली. शेकड्यांनी लहान पक्षी, वाळूच्याच रंगाचे. धावायचं, थांबायचं, टोचायचं, पुन्हा धावायचं. ते प्लोव्हर. लेकाने वहीत लिहिलं 'तिबेटन सँडप्लोव्हर'. गाईड त्याला हसून म्हणाला, "मी शिकलो तेव्हा लेसर सँडप्लोव्हर होता रे." २०२३ मध्ये म्हणे त्या एकाचे दोन केले, एक तिबेटन आणि एक सायबेरियन. भावाभावांत वाटणी झाली, सातबारा वेगळा झाला, असं हे म्हणाले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा लेक बापाच्या विनोदाला हसला.

लाटेच्या कडेला पांढुरके सँडरलिंग. लाट मागे गेली की सगळे मिळून पुढे, लाट आली की सगळे मिळून मागे. डोंबिवलीला पाच नंबरवर फास्ट येते तेव्हा जी गर्दी हलते, अगदी तश्शी, फक्त कोणी कोणाला ढकलत नाही.

पाणी चढत होतं. दर दहा मिनिटांनी सगळी गर्दी आमच्याकडे चार पावलं सरकायची. आठाच्या सुमारास गावातल्या शाळेची प्रभातफेरी निघाली, बनामागून 'भारत माता की जय' ऐकू येत होतं, पक्ष्यांनी मान वर केली नाही. तेव्हा गाईडने मला स्कोपपाशी बोलावलं. "काकू, हे तुम्हाला आवडेल."

आत एक ऑयस्टरकॅचर होता. काळा-पांढरा, कोंबडीएवढा, चोच लांब आणि लालभडक, गाजर सोलून लावल्यासारखी. त्याच्यासमोर वाळूत एक शिंपला. त्याने तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला, मग बिजागरी असते त्या बाजूला चोचीचं टोक घातलं, थोडं थांबला आणि मान वाकडी करून पीळ दिला. शिंपला उघडला. आतला गोळा ओढून काढला, झटकला, गिळला आणि टरफल तिथेच टाकून पुढे चालू लागला. मी पंचवीस वर्षं विळीवर तिसऱ्या (शिंपल्या) उघडते. धार कुठे लावायची हे माझ्या सासूने मला दोन वेळा बोट कापल्यावर शिकवलं. हा पक्षी नेमकं तिथेच लावत होता. मी स्कोप सोडला नाही, मागे कॅमेरावाले खाकरत होते तरी नाही. त्याने एकूण चार उघडले. सगळे मिळून सोळा होते ते, मी मोजले, आणि गाईडने माझा आकडा स्वतःच्या वहीत लिहिला.

गॉडविट पण होते, वर किंचित वळलेल्या लांब चोचीचे. त्यांच्या एका भाऊबंदाने २०२२ साली अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर अकरा दिवसांत न थांबता कापले, पाठीवर ट्रान्समीटर होता म्हणून कळलं, आणि तो जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू होता. आपल्याकडचे येतात सायबेरियाच्या बाजूने. हे लेकाने सांगितलं तेव्हा जोडप्यातल्या मुलीने पहिल्यांदा फोन खाली ठेवला.

आता त्या सकाळची वाईट गोष्ट. पावणेनऊला पक्षी ऐन जवळ, आमच्यापासून तीसेक पावलांवर आलेले असताना एक कॅमेरावाला उठला आणि वाकून चालत त्यांच्या दिशेने गेला. गाईड नुसता "सर... सर..." करत राहिला. पक्षी सरकले, त्याला हवा तसा फोटो मिळाला नाही म्हणून तो आणखी पुढे गेला. तेवढ्यात नागावच्या बाजूने एक चारचाकी गाडी भर ओल्या वाळूतून आली आणि सगळं उडालं. चारशे तरी असतील. एकदम वळले, पोटं चमकली, आणि खाडीच्या तोंडाकडे निघून गेले. गाडी पन्नास मीटरवर रुतली. पुढचा अर्धा तास पाणी चढतंय आणि चार माणसं गाडी ढकलतायत, हा कार्यक्रम फुकट बघायला मिळाला. शेवटी ट्रॅक्टर आला.

गाडीला गाईड काय करणार? पण कॅमेरावाल्याला त्याने हाताला धरून खाली बसवायला हवं होतं. मी नंतर त्याला म्हटलंही. तो म्हणाला, "काकू, ते रिव्ह्यू लिहितात." म्हणून मीही लिहिते आहे. दादा, पुढच्या वेळी बसव. उरलेल्या दहा जणांना चालेल.

भरती त्याच्या हिशेबाने नऊची, पाणी टेकलं साडेनवाला. बुकिंगवाल्याची एकही वेळ इतकी जवळ आली नाही. लेकाच्या वहीत दोन दिवसांत एक्केचाळीस जाती झाल्या. त्यातल्या तीन कुरवांपुढे प्रश्नचिन्हं आहेत, गाईड म्हणाला ती राहू दे, मलाही तिथे प्रश्नचिन्हच आहे.

दुपारी जेवणात तांदळाची भाकरी, बांगडा, सोलकढी आणि तिसऱ्यांचं सुकं. द्वादशी होती, मी दोनदा वाढून घेतलं. पहिला शिंपला हातात घेतल्यावर मात्र जरा थांबले, बिजागरीची बाजू बघितली.

जाणार असाल तर बुकिंगवाल्याला टाळा. गावात आक्षीच्या स्टॉपवर उतरून पक्षी दाखवणारा मुलगा विचारलात तर कोणीही घर दाखवेल. द्वादशी ते चतुर्दशी यांतली तिथी शनिवारी पडेल असं बघा किंवा निदान रविवारी. दुर्बीण आपली न्या. रंगीत कपडे नकोत. पोपटी वालाच्या शेंगा आहेत तोवरच.

आम्हीही पुन्हा जाणार आहोत, मला त्या मडक्याचा हिशेब पुरा करायचाय. गाईडला फोन केला, त्याने पेरं मोजली असणार, थोडं थांबून म्हणाला, ८-९ फेब्रुवारी बघा, पाणी अगदी असंच आहे. मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. शनिवार, ८ फेब्रुवारी. जया एकादशी.